गजर रात्री दोनचा!

भांडी घासली, वेफर्स तपासले, फोनवरून गिऱ्हाईकं पटवली... आणि रोज कामावर जायच्या आधी भविष्यात एक चक्कर मारून आली! सायन्स फिक्शनमधलं मोठं नाव असलेल्या ऑक्टेव्हिया बटलरच्या सुरुवातीच्या दिवसांची ही गोष्ट.

'एकदा जॉब सोडला ना, की लिहायलाच बसणार बघ!' हे वाक्य तुमच्या ऑफिसातल्या किमान तिघांनी तरी कॅन्टीनमध्ये म्हटलेलं असेल. कदाचित तुम्हीही. कुणाला कादंबरी लिहायचीय, कुणाला शॉर्टफिल्म करायचीय, कुणाचा गिटारचा क्लास गेली तीन वर्षं 'पुढच्या महिन्यापासून' सुरू होतोय. अडचण एकच. वेळ कुठाय? सकाळी ट्रॅफिक, दिवसभर मीटिंगा, संध्याकाळी परत ट्रॅफिक. रात्री डोक्याचं असं भरीत झालेलं असतं की मोबाइलवर अंगठा फिरवण्यापलीकडे काही होत नाही.

या सगळ्यांनी एकदा ऑक्टेव्हिया बटलरला भेटावं. प्रत्यक्ष भेट आता शक्य नाही, ती 2006 मध्ये, 58व्या वर्षी गेली. पण तिची पहिली तीस वर्षं जरा जवळून पाहिली, तरी पुष्कळ झालं.

आधी थोडी ओळख. बटलर ही अमेरिकन लेखिका, कृष्णवर्णीय, आणि लिहायची सायन्स फिक्शन. तिनं लिहायला घेतलं तेव्हा हा प्रांत जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या पुरुषांचा होता. आपल्याकडे विज्ञानकथा म्हटली की डॉ. जयंत नारळीकर आठवतात, बाळ फोंडके आठवतात. म्हणजे आधी शास्त्रज्ञ आणि मग लेखक. बटलरकडे ना विज्ञानाची डिग्री, ना प्रयोगशाळा, ना कुणाची ओळख. तिच्याकडे एक टाइपरायटर होता, लायब्ररीचं कार्ड होतं आणि गजराचं घड्याळ होतं. तरी 1995 मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनची मानाची फेलोशिप मिळवणारी ती पहिली सायन्स फिक्शन लेखक ठरली. रक्कम, 2 लाख 95 हजार डॉलर! अमेरिकेत या फेलोशिपला 'जीनियस ग्रँट' म्हणतात.

ही जीनियस एकेकाळी फॅक्टरीत बटाट्याचे वेफर्स तपासायची.

मागच्या दारानं

ऑक्टेव्हियाचा जन्म 22 जून 1947चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरातला. वडील बूटपॉलिश करायचे. ती लहान असतानाच ते गेले. आई श्रीमंत गोऱ्या लोकांच्या घरी घरकाम करायची. आईचंही नाव ऑक्टेव्हियाच, म्हणून मुलगी घरात 'ज्युनी', ज्युनिअरचं लाडकं रूप. आई आणि आजी, दोघींनी मिळून तिला वाढवलं. घर कडक धार्मिक वळणाचं.

कधी कधी आई तिला कामावर बरोबर न्यायची. तिथं पोरीनं दोन गोष्टी पाहिल्या. एक, आई नेहमी मागच्या दारानं आत जाते. दोन, आईसमोर तिच्याबद्दल काहीबाही बोललं जातं आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. पोरीला भयंकर राग यायचा. गंमत म्हणजे बोलणाऱ्यांपेक्षा आईचाच जास्त. ही उलटून बोलत का नाही? ऐकून का घेते? (आपल्या टॉवरमधली 'सर्व्हिस लिफ्ट' आठवली ना? असो.)

त्याच घरांमधून आई आणखी एक गोष्ट आणायची. रद्दीत निघालेली पुस्तकं. फाटकी, रेघोट्या मारलेली, कशीही. आईला स्वतःला नीट शिकता आलं नव्हतं, लहानपणीच कामाला लावलं होतं. मुलीनं मात्र वाचावं यासाठी तिनं एक मस्त चाल खेळली. रोज झोपताना गोष्ट वाचून दाखवायची. पोरीला चटक लागली तशी, ती सहा वर्षांची असताना, पुस्तक तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, आता तूच वाच!

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. ऑक्टेव्हियाला डिस्लेक्सिया होता. त्यात ती प्रचंड लाजाळू आणि वयाच्या मानानं ताडमाड उंच. पुढे ती सहा फुटांपर्यंत गेली. शाळेत चिडवाचिडवी ठरलेलीच. मग पळून जायची जागा एकच, पॅसाडेनाची पब्लिक लायब्ररी.

दहा वर्षांची असताना ती पहिल्यांदा पुस्तकाच्या दुकानात गेली. खिशात साठवलेले पाचेक डॉलर, तेही बहुतेक चिल्लर. दारातच तिला शंका आली, लहान मुलांना आत सोडतात का? खरं तर तिला विचारायचं होतं, काळ्या मुलांना सोडतात का? सोडलं. तिनं घोड्यांच्या जातींबद्दलचं पुस्तक विकत घेतलं. तेव्हा घोड्यांचं वेड होतं आणि वहीत घोड्यांच्याच गोष्टी लिहिणं चालू होतं. त्याच सुमारास तिनं आईकडे हट्ट धरला, मला टाइपरायटर हवा. टायपिंग येत नव्हतं ते नव्हतंच. तरी दुसऱ्यांच्या फरशा पुसून घर चालवणाऱ्या त्या माउलीनं रेमिंग्टनचा टाइपरायटर आणून दिला. पोरगी दोन बोटांनी खटखट करायला लागली.

'याहून बरं मी लिहीन!'

आता मोठ्या लेखकांना प्रेरणा कुठून मिळते? हिमालयातून, समुद्रकिनाऱ्यावरून, थोर ग्रंथांतून वगैरे. बटलरला ती मिळाली एका टुकार सिनेमातून!

ती बारा वर्षांची होती. टीव्हीवर 'डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स' नावाचा 1954 चा ब्रिटिश सिनेमा लागला होता. मंगळावरची एक बाई चकाचक काळा पोशाख घालून पृथ्वीवर उतरते, कारण काय, तर मंगळावर पुरुष कमी पडलेत! ऑक्टेव्हियानं तो पाहिला आणि तिच्या डोक्यात लागोपाठ विचार आले. याहून बरी गोष्ट मी लिहीन. अरे, याहून बरी गोष्ट कुणीही लिहील. आणि मुख्य म्हणजे, ही असली गोष्ट लिहिण्याचेही कुणाला तरी पैसे मिळालेत!

टीव्ही बंद करून ती लिहायला बसली. दुसऱ्यांच्या मनात शिरू शकणाऱ्या माणसांच्या गोष्टी. त्या रात्रीचं बियाणं सतरा वर्षांनी तिच्या पहिल्या कादंबरीत उगवलं. म्हणजे वाईट सिनेमे पाहण्यात वेळ अगदीच फुकट जात नाही म्हणायचा.

शहराचाही थोडा हात असावा. अमेरिकेचा पहिला उपग्रह 'एक्सप्लोरर 1' जानेवारी 1958 मध्ये अवकाशात गेला. तो बांधणारी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी पॅसाडेनाच्याच कडेला. ऑक्टेव्हिया तेव्हा दहा वर्षांची. शहराच्या एका टोकाला माणसं अंतराळाची तयारी करत होती आणि दुसरीकडे तिची आई मागच्या दारानं कामावर जात होती. बटलरच्या लिखाणात ही दोन टोकं पुढे आयुष्यभर एकत्र नांदली.

मावशीचा सल्ला

'लेखक होणार' असं घरात जाहीर केल्यावर काय होतं, ते मराठी मुलांना सांगायला नको. 'छंद म्हणून ठीक आहे, पण पोटापाण्याचं काय?' ऑक्टेव्हियानं तेराव्या वर्षी स्वयंपाकघरात मावशीपुढे हा विषय काढला, तेव्हा अगदी हेच उत्तर आलं. लिही की, पण नोकरीही करावी लागेल. पोरगी म्हणाली, लिहिणं हीच माझी नोकरी. शेवटी मावशीनं अगदी मायेनं तिला खरं काय ते सांगून टाकलं. आपल्या काळ्या लोकांना लेखक होता येत नाही, बाळा.

का नाही? तर, नाही होता येत. विषय संपला.

मावशी काही दुष्ट नव्हती. तिनं जे पाहिलं होतं, तेच सांगत होती. ऑक्टेव्हियानं आठवून पाहिलं, तर काळ्या माणसानं लिहिलेलं, छापलेलं एकही अक्षर आपण वाचल्याचं तिला आठवेना. तेरा वर्षं पुस्तकांत डोकं खुपसून बसलेल्या मुलीची ही गत. मावशीला खोटं ठरवायला तिच्याकडे एक नावही नव्हतं.

तरी त्याच सुमारास ती मासिकांना कथा पाठवायला लागली. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी तिची पहिली कथा स्वतः टाइप करून दिली. नीट समास सोडून, दोन ओळींत अंतर ठेवून, खाडाखोड न करता. कथा साभार परत आली. पण कागद कसा दिसायला हवा, एवढं तरी कळलं!

या धंद्यात फसवणारेही भेटतात. एकदा एका तथाकथित लिटररी एजंटनं 'कथा वाचण्याची फी' म्हणून मायलेकींकडून 61 डॉलर 20 सेंट उकळले. महिन्याच्या घरभाड्याहून जास्त! हाती काहीच लागलं नाही. खरा एजंट लेखकाकडून वाचायचे पैसे घेत नाही, हा धडा मात्र कायमचा मिळाला.

आईचे दात

1965 मध्ये शाळा संपली. मग दिवसा नोकरी आणि संध्याकाळी पॅसाडेना सिटी कॉलेज. तिथल्या कथास्पर्धेत बक्षीस मिळालं, 15 डॉलर. लेखणीची पहिली कमाई. आईच्या मनातलं करिअर मात्र वेगळंच होतं. मुलीनं सेक्रेटरी व्हावं. महिन्याला बांधलेला पगार, बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं पुसलेल्या आईनं याहून वेगळं काय मागावं?

लेकीनं उलटंच केलं. तिनं मुद्दाम डोकं लागणार नाही अशी कामं पकडली. का, ते पुढे येईलच.

1969 मध्ये हॉलिवूडच्या पटकथालेखकांच्या संघटनेनं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होतकरूंसाठी एक वर्कशॉप चालवलं होतं. तिथं शिकवायला होता हार्लन एलिसन, सायन्स फिक्शनमधला नामांकित आणि तितकाच तिखट लेखक. ऑक्टेव्हियाला पटकथा काही जमेना. पण पोरीत पाणी आहे, हे एलिसननं हेरलं. त्यानं सुचवलं, क्लॅरियनला जा.

क्लॅरियन हे पेन्सिल्व्हेनियातलं छोटं गाव. तिथल्या कॉलेजात सायन्स फिक्शन लिहिणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचं निवासी वर्कशॉप भरायचं. दर आठवड्याला नवा लेखक मास्तर. रोज लिहायचं आणि एकमेकांच्या कथांची सगळ्यांसमोर चिरफाड करायची. लाजाळू माणसासाठी शिक्षाच! शिवाय फी, प्रवास, सहा आठवडे बिनपगारी. पैसे आणायचे कुठून?

आईनं स्वतःच्या दातांच्या उपचारांसाठी थोडे थोडे करून पैसे बाजूला टाकले होते. ते तिनं लेकीला दिले.

ही गोष्ट वाचून पुढे जाऊ नका, क्षणभर थांबा. 'सेल्फमेड' हा शब्द आपण फार सहज वापरतो. ऑक्टेव्हिया बटलरच्या करिअरमधली पहिली गुंतवणूक एका मोलकरणीच्या दुखऱ्या दातांनी केलेली आहे.

1970 च्या उन्हाळ्यात ती क्लॅरियनला गेली. सॅम्युएल डिलेनी हा तेव्हाचा आघाडीचा कृष्णवर्णीय सायन्स फिक्शन लेखक तिथं शिकवत होता. मावशीला दाखवायला अखेर एक नाव मिळालं! आणि तिथंच दोन कथा विकल्याही गेल्या. 'क्रॉसओव्हर' वर्कशॉपच्या संग्रहासाठी, तर 'चाइल्डफाइंडर' एलिसनच्या नव्या, बहुचर्चित संग्रहासाठी. वय वर्षं 23. झालं की! आता काय, लाइफ सेट!

पाच कोरी वर्षं

सिनेमा असता तर इथं गाणं लागलं असतं. प्रत्यक्षात पुढची पाच वर्षं तिचा एक शब्दही विकला गेला नाही.

'क्रॉसओव्हर' 1971 मध्ये छापून आली. फॅक्टरीत तेच ते काम करून विटलेल्या एका एकट्या बाईची कथा. कच्चा माल कुठला, ते सांगायला नको. एलिसनचा तो बहुचर्चित संग्रह मात्र निघता निघेना. वर्षं गेली, दशकं गेली. 'चाइल्डफाइंडर' वाचकांसमोर आली ती 2014 मध्ये, विकल्यानंतर 44 वर्षांनी आणि लेखिका जाऊन आठ वर्षं झाल्यावर!

या पाच वर्षांत तिनं काय केलं? हॉटेलात भांडी घासली. गोदामात काम केलं. वेफर्सच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणारे वेफर्स तपासले. टेलिमार्केटिंग केलं, म्हणजे दुपारी झोपमोड करून आपण ज्यांच्यावर खेकसतो, ते. या कामांत ना मान होता, ना धड पैसा. पण एक सोय होती. संध्याकाळी काम संपलं की ते डोक्यातूनही जायचं. सेक्रेटरीच्या खुर्चीत डोकं दिवसभर साहेबाकडे गहाण पडलं असतं. पट्ट्यापाशी उभं राहिलं तर फक्त हात आणि डोळे गहाण. डोक्यात तोवर कादंबरीतली माणसं भांडत असली, तरी सुपरवायझरला पत्ता लागत नाही.

आणि गजर रात्री दोनचा, कधी तीनचा. उठायचं, लिहायचं, मग तयार होऊन बस पकडायची. ती गाडी चालवायची नाही, आयुष्यभर बसनंच फिरली. दिवसभर काम, आल्यावर लवकर झोप, की पुन्हा दोन वाजता घड्याळ बोंबलतंय.

दिवसाचे सगळ्यात ताजे तास मालकाला देऊन उरलेसुरले स्वतःच्या कामाला द्यायचे, हा आपला हिशेब. तिनं तो उलटा केला. ताजे तास आधी स्वतःसाठी काढून घेतले आणि उरलेली ऑक्टेव्हिया कंपनीला दिली.

हे ऐकायला भारी वाटतं, पण त्यात रोमँटिक काही नव्हतं. अपुरी झोप होती, भाड्याची काळजी होती, साभार परतीच्या चिठ्ठ्या होत्या. आपण लिहितो ते कुणाला हवंय का, ही शंका तर रोजची. तिच्या वह्या आता पॅसाडेनाजवळच्याच हंटिंग्टन लायब्ररीत जपून ठेवल्यात, साडेतीनशेहून जास्त खोकी! त्यांत पैशांचे हिशेब आहेत, रोज किती लिहायचं त्याची टार्गेट्स आहेत, आणि स्वतःलाच दिलेले दम आहेत. कुणी टीम लीडर नाही, अप्रेझल नाही. स्वतःच बॉस, स्वतःच ट्रेनी.

नोकरी गेली, कादंबरी आली

डिसेंबर 1974. नाताळ तोंडावर आलेला आणि टेलिमार्केटिंगच्या नोकरीवरून ऑक्टेव्हियाला काढलं. नोकरी तिनं सोडली नव्हती बरं का, तिला काढलं होतं. राजीनामा साहेबाच्या टेबलावर आपटून स्वप्नामागे धावणं वगैरे सिनेमात असतं.

कथा विकल्या जात नव्हत्या. मग तिनं ठरवलं, आता कादंबरीच. पण कादंबरी म्हणजे शेकड्यांनी पानं, बघूनच धडकी भरायची. यावर तिनं शोधलेला उपाय ऑफिसातल्या कुणालाही पटेल. वीसेक पानांची कथा आपल्याला लिहिता येते ना? मग वीस-वीस पानांची प्रकरणं लिहायची. मोठ्या प्रोजेक्टचे छोटे तुकडे! बारा वर्षांची असल्यापासून मनात वागवलेली ती दुसऱ्यांच्या मनात शिरणारी माणसं होतीच. त्यांची कादंबरी झाली 'पॅटर्नमास्टर'. डबलडे या बड्या प्रकाशनसंस्थेनं ती घेतली आणि 1976 मध्ये ती बाहेर आली. लेखिका 29 वर्षांची होती.

कोऱ्या वर्षांत साचलेलं पुढे धबाधबा बाहेर आलं. 1977 मध्ये 'माइंड ऑफ माय माइंड', 1978 मध्ये 'सर्व्हायव्हर'. यातली 'सर्व्हायव्हर' तिला स्वतःलाच पुढे इतकी नकोशी झाली की तिनं ती पुन्हा छापू दिली नाही. पण तिच्या पैशांतून एक काम झालं. तिनं बसचं तिकीट काढलं आणि अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकाला, मेरीलँडला गेली. आईच्या त्या मागच्या दाराचा हिशेब बाकी होता.

हिशेब चुकता

झालं होतं असं. कॉलेजात एक कृष्णवर्णीय मुलगा होता, चळवळीतला, तावातावानं बोलणारा. त्याचं म्हणणं, आधीच्या पिढ्यांनी माना खाली घालून सगळं सोसलं, म्हणून आपण मागे राहिलो. या म्हाताऱ्यांना मारूनच टाकायला हवं, पण सुरुवात माझ्याच आईबापांपासून करावी लागेल! ऑक्टेव्हियाला स्वतःचं लहानपण आठवलं. तिलाही आईचा असाच राग यायचा. पण आता तिला कळत होतं की आईनं ते बोलणं गिळलं, म्हणून आपल्या ताटात अन्न आलं. त्या मुलाला इतिहास पाठ होता. तो अंगावर झेलणं म्हणजे काय, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

हे वाद घालून पटणारं नव्हतं. मग तिनं गोष्ट रचली. आजच्या एखाद्या स्वाभिमानी, कृष्णवर्णीय माणसाला उचलून थेट गुलामगिरीच्या काळात नेऊन टाकलं तर? बघू तिथं किती दिवस मान ताठ राहते! आधी तिनं नायक पुरुष घेतला. पण तो तिथं जगेचना. नजर वर करून बोलणारा काळा पुरुष त्या काळात पहिल्याच दिवशी मारला गेला असता. मग नायिका आली, डॅना. वय 26, काळ 1976, कॅलिफोर्नियात राहणारी, एजन्सीमार्फत मिळतील ती फुटकळ कामं करून उरलेल्या वेळात लिहिणारी. ओळखीची वाटते ना? ही डॅना अचानक एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमधल्या मळ्यावर जाऊन पडते.

मेरीलँडच्या त्या दौऱ्यात बटलर मळ्यांचा मुलूख पाहत, ग्रंथालयांत बसत फिरली. जवळच जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन हे घर आहे, तेही पाहिलं. तिथले गाइड माहिती देताना 'गुलाम' हा शब्दच टाळत होते, 'नोकर' म्हणत होते. कादंबरीची गरज काय, याचं उत्तर तिला तिथंच मिळालं असेल.

'किंड्रेड' 1979 मध्ये आली. तीत कालप्रवास आहे, पण यंत्र नाही, विज्ञानाचं स्पष्टीकरण नाही. प्रकाशकांना प्रश्न पडला होता, हिला नक्की कुठल्या कप्प्यात ठेवायचं? वाचकांना असले प्रश्न पडत नाहीत. अमेरिकेत शाळा-कॉलेजांमधून आजही ही कादंबरी शिकवली जाते.

पुढचं सगळं मग करिअर या सदरात मोडतं. लॉस एंजेलिसच्या बसमध्ये पाहिलेल्या एका रक्तबंबाळ मारामारीतून सुचलेल्या 'स्पीच साउंड्स' या कथेला 1984 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या 'ब्लडचाइल्ड'नं ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मोठे सन्मान मिळवले. 2021 मध्ये नासाचा 'पर्सिव्हिअरन्स' रोव्हर मंगळावर उतरला, त्या जागेला ऑक्टेव्हिया बटलरचं नाव दिलं गेलं. ती मोहीम चालवणारी संस्था कोणती? पॅसाडेनाच्या कडेची तीच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. मंगळावरून आलेल्या त्या टुकार बाईची अशी परतफेड झाली!

मग, टॅलेंटचं काय?

तिला पुढे होतकरू लेखक विचारायचे, प्रेरणा कशी मिळवायची? तिचं म्हणणं साधं होतं. प्रेरणेच्या भरवशावर राहू नका. ती कधी येते, कधी येत नाही. सवय मात्र रोज येते, मूड असो वा नसो. टॅलेंटबद्दलही तेच. आहे की नाही याचा कीस पाडत बसण्यापेक्षा शिकत राहा. पहिली काही वर्षं कचराच लिहिला जाणार, तो लिहून संपवा.

एक गोष्ट तिला हयातीत पाहता आली नाही. 1988 मध्ये एका वहीच्या मलपृष्ठाच्या आत तिनं स्वतःला बजावलं होतं की माझी पुस्तकं बेस्टसेलर होतील, आणि माझ्यासारख्या गरीब कृष्णवर्णीय मुलांना मी क्लॅरियनला पाठवीन. बेस्टसेलर व्हायला 2020 साल उजाडलं. 'पॅरबल ऑफ द सोअर' ही तिची 1993 ची कादंबरी तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या यादीत झळकली. क्लॅरियनला मुलं पाठवण्याचं काम त्यामानानं लवकर झालं. ती गेली त्याच वर्षी तिच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू झाली. वर्कशॉपला निघालेल्या त्या पोरापोरींच्या आयांना आता दातांचे पैसे मोडावे लागत नाहीत.

बटलर वाचायचीय? अशी सुरुवात करा

किंड्रेड (1979): सायन्स फिक्शन आवडत नाही म्हणणाऱ्यांनी हीच आधी घ्यावी. रात्री सुरू करू नका, सकाळी ऑफिस असेल तर नक्कीच नको.

ब्लडचाइल्ड अँड अदर स्टोरीज (1995): वेळ कमी असणाऱ्यांसाठी कथासंग्रह. यात तिच्या लेखनप्रवासावरचे दोन छोटे लेखही आहेत. मावशी, एजंट आणि पहिलं पुस्तक, सगळं तिच्याच शब्दांत.

पॅरबल ऑफ द सोअर (1993): 2024 मधल्या होरपळलेल्या कॅलिफोर्नियाची गोष्ट. पाणी महाग, घरं पेटलेली, आणि भिंतीआड राहणारी माणसं. ती लिहिली तेव्हा हे भविष्य होतं.

पॅटर्नमास्टर (1976): पहिली कादंबरी. कच्ची आहे, पण रात्री दोनच्या गजरानं काय घडतं, ते बघायला जरूर वाचा.